कडेवरची रायफल

पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या पात्रता फेरीत स्वप्नील कुसाळेने 600 पैकी 590 गुण मिळवले आणि सातव्या क्रमांकाने अंतिम फेरी गाठली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या या पोराने 1 ऑगस्ट 2024 रोजी 451.4 गुणांसह कांस्यपदक जिंकलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र आधीच्या त्या 590 ची फोड जास्त बोलकी वाटते. गुडघ्यावर बसून 198, पालथं झोपून 197 आणि उभं राहून 195. माणूस तोच, रायफल तीच, लक्ष्यही तेच.

दोन-तीन गुणांचा हा फरक जगातल्या पहिल्या आठांत बसणाऱ्या नेमबाजाचा आहे. आपल्यासारख्यांचं काय होतं ते मी अनुभवलंय. एनसीसीच्या कॅम्पात आम्हाला पॉइंट टू टू रायफल झोपूनच मारायला दिली होती. दोन्ही कोपरं जमिनीत रोवलेली, पोट जमिनीला; पाच गोळ्या हाताच्या पंजाएवढ्या जागेत बसल्या आणि मी स्वतःला फार मोठा नेमबाज समजू लागलो. पुढे बऱ्याच वर्षांनी एका रेंजवर उभं राहून एअर रायफल हातात घेतली. छर्रा कागदावर लागला, एवढंच काय ते नशीब.

असं का होतं हे कळायला आधी लक्ष्य किती लहान आहे ते पाहू. उभं राहूनच मारायच्या 10 मीटर एअर रायफल स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. पेन्सिलीचं टोक टेकवल्यावर उमटावा एवढा. छर्रा 4.5 मिलिमीटरचा. त्याची कडा ठिपक्याला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे छर्‍याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून जास्तीत जास्त अडीच मिलिमीटर दूर चालतो. आता साधं त्रैराशिक मांडा. रायफल साधारण एक मीटर लांब, लक्ष्य दहा मीटर दूर. दस्ता खांद्याला घट्ट असताना नळीचं टोक पाव मिलिमीटर सरकलं, की छर्रा अडीच मिलिमीटर सरकला. पाव मिलिमीटर म्हणजे वहीचे दोन-तीन कागद एकावर एक ठेवल्यावर होणारी जाडी. आणि दहाच्या आत पुन्हा दशांशाने गुण मोजतात; त्यातला 10.9 हा सर्वोच्च गुण हवा असेल, तर त्याच्याही दहाव्या हिश्श्यात राहावं लागतं.

उभा माणूस मुळात एवढा स्थिर नसतो. आपण उभे असतो म्हणजे खरं तर सतत पडत असतो आणि सतत सावरत असतो. शरीर ही घोट्यावर उभी केलेली उलटी लंबकाची काठी आहे. आतल्या कानातला तोलाचा अवयव, डोळे आणि तळपायातून, सांध्यांतून येणाऱ्या संवेदना यांच्या जोरावर मेंदू तिला क्षणाक्षणाला ओढून जागेवर आणतो. हे डोलणं संथ असतं. त्याच्यावर स्वार असतो स्नायूंचा बारीक थरकाप, सेकंदाला 8 ते 12 वेळा होणारा. तो आजार नव्हे, सगळ्यांनाच असतो. त्यावर श्वासाने छातीचं वरखाली होणं आणि हृदयाचा प्रत्येक ठोका. एका ठोक्यात सत्तरेक मिलिलिटर रक्त महाधमनीत फेकलं जातं आणि त्याचा उलटा धक्का अख्ख्या शरीराला बसतो.

घरच्या घरी पाहायचं असेल तर लेसर पॉइंटर घ्या (कुणाच्या डोळ्यांवर मारू नका) आणि हात ताणून हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या भिंतीवर ठिपका धरा. ठिपका नाचेल. मग कोपर बरगड्यांना टेकवून धरा. नाच बराच कमी होईल. उभ्याने नेमबाजी करण्याचं निम्मं शास्त्र या दुसऱ्या प्रयोगात आहे.

नवशिक्याला वाटतं की रायफल घट्ट धरली म्हणजे ती हलणार नाही. घडतं नेमकं उलट. स्नायू जेवढा जोर लावतो तेवढा त्याचा जोर कमी-जास्त होत राहतो. ताकद वाढली की थरथरही वाढते. भरलेली बादली हात लांब करून धरून पाहा, म्हणजे पटेल. हाडाला मात्र थरथर नसते, ते दमतही नाही. म्हणून उभ्या नेमबाजाची सगळी खटपट एकच असते: वजन स्नायूंवरून काढायचं आणि हाडांवर टाकायचं.

हे कसं करायचं ते आपल्याकडच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. कडेवर पोर घेतलेली बाई पाहा. ती पोराला दंडाच्या जोरावर उचलून धरत नाही. कंबर एका बाजूला काढते, पोराला कटीच्या हाडावर बसवते आणि वरचं अंग विरुद्ध बाजूला कलतं करते. पोराचं वजन कटीतून सरळ पायात उतरतं, हात फक्त ते घसरू नये म्हणून. पाण्याची कळशी कडेवर घेतानाही हेच. उजव्या हाताने मारणारा नेमबाज डावी बाजू लक्ष्याकडे करून उभा राहतो, डावी कटी पुढे काढतो, डाव्या हाताचं कोपर कटीच्या हाडावर किंवा बरगड्यांच्या कडेला टेकवतो आणि रायफल त्या उभ्या हातावर विसावते. तळहात, हाताचं हाड, कटी, पाय, जमीन. एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते, म्हणजे तीनेक महिन्यांच्या बाळाएवढी. एवढं वजन छातीच्या पुढे आलं की माणूस पुढे ओढला जाणार. म्हणून वरचं अंग मागे झुकतं आणि रायफल व शरीर यांचा एकत्र गुरुत्वमध्य पुन्हा दोन पावलांच्या मधोमध येतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही पाठ विचित्र वाकलेली दिसते. पाठीलाही ते फारसं आवडत नाही, म्हणून नेमबाजांच्या व्यायामात पोट आणि कंबर यांना एवढं महत्त्व.

कोपर कटीपर्यंत पोचत नसेल तर मुठीवर, उघड्या तळव्यावर किंवा अंगठा आणि बोटांच्या बेचक्यात रायफल ठेवून उंची जुळवतात. ज्याच्या त्याच्या शरीरावर आहे. दुसऱ्याची पोझिशन जशीच्या तशी उचलू नये, एवढंच सांगतो.

मग एवढी जड रायफल कशाला, हलकी का नको? डोंबारी दोरीवर चालताना लांब काठी का धरतो, त्याचं जे उत्तर तेच इथे. वजन मध्यापासून दूर असेल तर वस्तू चटकन वळत नाही. स्नायूंच्या बारीक थरकापाला जड रायफल दाद देत नाही. काही नेमबाज नळीच्या टोकाकडे छोटी वजनं लावतात ती याचसाठी. संथ डोलणं त्याने थांबत नाही, त्याला पायच हवेत. सपाट तळव्याचे ताठ बूट, जाड कॅनव्हासचं जॅकेट यांचाही उपयोग होतो. जॅकेट किती जाड आणि किती ताठ असावं याचे नियम आहेत आणि ते स्पर्धेत यंत्राने मोजतात. पायाखालच्या जमिनीचं महत्त्व अभिनव बिंद्राला चांगलंच कळलं होतं. 2004 साली अथेन्सच्या अंतिम फेरीत आपल्या पायाखालची फरशी हलत होती, असं त्याने नंतर सांगितलं. त्या फेरीत तो सातवा आला. चार वर्षांनी बीजिंगमध्ये सुवर्णपदक मिळवताना त्याचा शेवटचा नेम होता 10.8.

आता एक सोपी आणि फार उपयोगी परीक्षा. पोझिशन घ्या, नेम धरा, डोळे मिटा, दोन-तीन श्वास सोडा, अंग सैल होऊ द्या आणि डोळे उघडा. रायफल अजून लक्ष्यावर आहे? बहुधा नसेल, बाजूला गेलेली असेल. शरीराला स्वभावतः ती जिकडे जावीशी वाटते तिकडे ती गेली. आता हाताने ढकलून ती लक्ष्यावर आणली, तर ज्या क्षणी लक्ष चापाकडे जाईल त्या क्षणी स्नायू सैल पडतील आणि नळी परत घरी जाईल. उपाय हाताने करायचा नाही, पायाने करायचा. मागचा पाय बोटभर सरकवायचा, पुन्हा डोळे मिटायचे, पुन्हा पाहायचं. कंटाळवाणं काम आहे. पण नवशिक्याचे भरकटलेले बहुतेक छर्रे या एका कामाने परत येतात, असं माझं मत आहे.

श्वासाचं थोडक्यात. पूर्ण भरून रोखायचा नाही. नेहमीसारखा सोडल्यावर पुढचा घेण्याआधी जो आपोआप विराम येतो, तोच थोडा लांबवायचा. आठ-दहा सेकंदांच्या आत काम झालं नाही तर शरीर प्राणवायूसाठी कुरकुरू लागतं आणि डोळाही फसवतो. एकटक पाहिल्यावर आधीची प्रतिमा डोळ्यात ठसून राहते, आणि नेम बिघडलेला असूनही चांगला दिसतो. दुसरा डोळा घट्ट मिटूही नये. त्याने चेहरा आखडतोच, शिवाय एका डोळ्यावर अंधार केला की दुसऱ्याची बाहुलीही विस्फारते. म्हणून नेमबाजांच्या कपाळपट्टीला दुधी रंगाची अर्धपारदर्शक पट्टी लटकलेली दिसते: उजेड येऊ देणारी, चित्र न दाखवणारी.

हृदयाचे ठोके थांबवता येत नाहीत. दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत चाप ओढण्याची सवय अनुभवी नेमबाजांना नकळत लागते, असं काही अभ्यासांत आढळलं. काहींत आढळलं नाही. ठोके मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या घेऊन हा प्रश्न सोडवायचा मोह काहींना झाला आहे. उत्तर कोरियाचा किम जोंग सू याची पिस्तुलातली दोन पदकं 2008 साली याच कारणाने परत घेतली गेली. नेमबाजीत या गोळ्यांवर बंदी आहे.

आणि आता चाप. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळी पोझिशन जमल्यावर माती होते ती इथे.

कितीही सराव केला तरी नेम मध्यावर थांबत नाही. तो मध्याच्या आसपास घिरट्या घालत राहतो. नवशिक्या वाट पाहतो. नेम दहावर आला की झटकन चाप ओढतो. पण डोळ्याने पाहणं, मेंदूने हुकूम देणं आणि बोटाने तो पाळणं यात साधारण एक पंचमांश सेकंद जातो. समजा नेम लक्ष्यावर सेकंदाला 50 मिलिमीटर वेगाने फिरतोय, तर तेवढ्यात तो 10 मिलिमीटर पुढे निघून गेलेला असतो. दहा दिसले म्हणून ओढलं आणि लागले सात. शिवाय झटका देताना बोटाबरोबर मनगट आखडतं, ते वेगळंच. जाणता नेमबाज उलट करतो. घिरट्या लहान झाल्या, आवरल्या असं वाटलं की चापावर हळूहळू दाब वाढवत जातो आणि नेमक्या कोणत्या क्षणी सुटेल याची फिकीर सोडतो. हलणं त्याने मान्य केलेलं असतं. घिरट्यांचा मध्य दहावर असेल तर बहुतेक छर्रे मध्याजवळच पडतात. टोकाला जाणारे थोडे.

सुटल्यावरही काम संपत नाही. एअर रायफलचा छर्रा सेकंदाला 170-175 मीटर वेगाने जातो. त्यामुळे नळीतून बाहेर पडायला काही मिलिसेकंद तरी लागतात आणि तेवढा वेळ तो नळीच्या तालावरच असतो. लागला की नाही ते पाहायला मान उचलण्याची घाई करणाऱ्याचं शरीर सुटण्याआधीच मान उचलायची तयारी करू लागतं. म्हणून एक-दोन सेकंद तसंच उभं राहायचं, नेमात पाहत. याला फॉलो थ्रू म्हणतात.

या सगळ्यात आधी काय सुधारायचं? याला शाळेतला पायथागोरस उत्तर देतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत, वर्गांच्या बेरजेने वाढतात. समजा शरीराच्या डोलण्याने 8 मिलिमीटरची चूक होते, चापाच्या झटक्याने 6 ची आणि रायफलची स्वतःची 1 ची. एकूण झाली जेमतेम 10.05. लाखो रुपये मोजून अगदी निर्दोष रायफल आणली, तर ती होते 10. फुकटात चापाचा झटका निम्मा केला, तर 8.6. नवी रायफल घेऊन आलेल्या माझ्या एका मित्राला हे गणित मी कागदावर करून दाखवलं होतं. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि विषय बदलला.

झटका कमी करायला छर्रेसुद्धा लागत नाहीत. रिकामी रायफल (दोनदा तपासून रिकामी), समोर कोरी भिंत. लक्ष्यच नाही, त्यामुळे दहा पकडायचा मोह नाही. फक्त चाप सुटताना पुढची साइट (नळीच्या टोकाकडचा, नेम धरायचा भाग) हलते का, एवढंच पाहायचं. मोठे नेमबाज तासन् तास हा कोरडा सराव करतात. आणि त्यातच आणखी एक गोष्ट शिकतात, जी मला सगळ्यात अवघड वाटते: नेम धरल्यावर आठ-दहा सेकंदांत सुटला नाही, तर रायफल खाली घेणं. आता सुटेल, अजून जरा थांबू, असं मन म्हणत असतं आणि हात थरथरायला लागलेला असतो. एअर रायफलच्या पात्रता फेरीत 60 छर्‍यांना 75 मिनिटं मिळतात, म्हणजे एकाला सव्वा मिनिट. प्रत्यक्ष नेम त्यातल्या दहा सेकंदांचा. उरलेला वेळ रायफल स्टँडवर टेकवायला, श्वास घ्यायला आणि ती पुन्हा नीट कडेवर घ्यायला असतो.