इसब दाबला की दमा होतो? एका समजुतीची पार्श्वभूमी

दिवाळीनंतर कोल्हापुरात पहाटेची कोरडी थंडी सुरू झाली, की अनेकांचा इसब पुन्हा उठतो. वर्षानुवर्षे धुणीभांडी आणि जनावरांचे करणाऱ्या माझ्या आईच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढा चट्टा आहे. तो आधी लालसर होतो, मग बारीक पुटकुळ्या येऊन त्यांतून लस वाहते, खपली धरते आणि शेवटी भेगा पडतात. महिन्याभराने तो निवतो आणि काही आठवड्यांत पुन्हा उठतो. ‘रक्त बिघडलंय’ म्हणून वांगी, मसूर आणि सुकट तिने कित्येक वर्षे बंद ठेवली होती. मलम लावायला मात्र ती घाबरत असे, कारण ‘इसब वरून दाबला की आत जातो आणि दमा होतो’ हे तिने लहानपणापासून ऐकले होते. ही समजूत कोठून आली हे पाहण्यासारखे आहे, कारण बहुतेकांचे उपचार तिच्यापाशीच अडतात.

दोष आत आहे आणि तो त्वचेवाटे बाहेर पडतो, ही कल्पना फार जुनी आहे. चरकसंहितेत अकरा क्षुद्रकुष्ठांमध्ये, म्हणजे त्वचेच्या कमी गंभीर विकारांमध्ये, ‘विचर्चिका’ येते. खाज, काळपट पुटकुळ्या आणि भरपूर स्राव ही तिची लक्षणे आजही ओळखीची वाटतात. सहाव्या शतकात एटियस या ग्रीक वैद्याने वापरलेल्या ‘एक्झिमा’ या, आज इंग्रजीत इसबासाठी रूढ असलेल्या, शब्दाच्या मुळाशी उकळून वर येण्याचा, दूध उतू जावे तसा, अर्थ आहे. आतले बाहेर येत असेल, तर त्याला वाट द्यावी आणि अडवू नये, असे वाटणे स्वाभाविक होते. युरोपातील वैद्यांनाही एकोणिसाव्या शतकात हीच भीती होती. व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्राने जमालगोट्याचे तेल निरोगी त्वचेवर लावून तसाच विकार उत्पन्न करून दाखवला आणि दुखण्याचे कारण त्वचेवरही असू शकते, हे ठसवले.

दम्याची गोष्ट मात्र अगदीच निराधार नव्हती. पॅरिसच्या एर्नेस्ट बेस्निए यांनी १८९२ मध्ये वारंवार उलटणारी खाज, दमा आणि गवताच्या परागांनी होणारी सर्दी एकाच माणसात किंवा एकाच घरात आढळतात, असे नोंदवले. लहानपणी इसब झालेल्या काही मुलांना पुढे दमा होतो, हे आजही दिसते. म्हणजे आजीबाईंनी क्रम बरोबर पाहिला होता, पण दोष मलमाला दिला. इसबावर उपचार केल्याने दमा होत नाही. दोन्हींचे मूळ त्या शरीराच्या एकाच अ‍ॅलर्जीच्या प्रवृत्तीत असते. अमेरिकेत वाइज आणि सल्झबर्गर यांनी १९३३ मध्ये या प्रकाराला ‘अ‍ॅटोपिक डर्माटायटिस’ हे नाव दिले.

त्याच सल्झबर्गर यांनी विटन यांच्यासह १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड त्वचेवर लावून गुण येतो हे दाखवले आणि उपचारांचे चित्र पालटले. पुढे त्याहून कितीतरी तीव्र स्टेरॉइड मलमे आली. आपल्याकडे ती औषधदुकानात चिठ्ठीशिवाय सहज मिळत गेली आणि गजकर्णाला इसब समजून लावली गेली, म्हणून ते वरून निवल्यासारखे दिसून अधिक पसरले. सतत लावल्याने कोणाची त्वचा पातळ झाली. या अनुभवाने जुन्या भीतीला नवे बळ मिळाले, हे मला या इतिहासातले सर्वांत दुःखद वळण वाटते.

पश्चिम महाराष्ट्रापुरती आणखी एक नोंद आवश्यक आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्यात प्रथम लक्षात आलेले काँग्रेस गवत बांधाबांधांवर पसरले. त्याचे सूक्ष्म कण हवेतून पापण्यांवर, मानेवर आणि कोपराच्या खोबणीत बसून काहींना तीव्र इसब होतो. अशा शेतकऱ्याने वांगी सोडून काहीच साधत नाही. ते गवत टाळणे, बाहेर पडताना पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालणे आणि घरी येताच अंग धुणे उपयोगी ठरते.

२००६ मध्ये फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषाचा इसबाशी संबंध सिद्ध झाला आणि त्वचेच्या बाहेरच्या थराकडे लक्ष वळले. हे प्रथिन कमी पडले की तो थर ओल धरून ठेवू शकत नाही. त्यातून साबण, धूळ व जंतू आत शिरतात आणि खाजवण्याने तो आणखी फाटतो. चट्टा निवल्यावरही थर कच्चाच राहतो, म्हणून दुखणे परतते. त्यामुळे कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ करून अंग ओलसर असतानाच व्हॅसलिन किंवा साधे मॉइश्चरायझर लावणे, आणि तेही चट्टा नसताना रोज, हा उपचाराचा पाया ठरला. इसब उठू लागताच डॉक्टरांनी ठरवलेल्या तीव्रतेचे मलम ठरलेले दिवस पुरेसे लावावे लागते. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढ्या लांबीचे, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, मलम बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते, हे माप १९९१ पासून रूढ आहे. लस पिवळी झाली, ताप आला किंवा फोड झपाट्याने पसरले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आता मोरीच्या फळीवर साबणाशेजारी व्हॅसलिनची डबी असते. भांडी घासताना आई आत सुती आणि वर रबरी मोजे घालते, हात टिपून लगेच डबी उघडते, आणि मसुराची आमटी आमच्या घरात पुन्हा होऊ लागली आहे. यंदा थंडीत चट्टा एकदा उठला. मलमाचे ठरलेले दिवस तिने कॅलेंडरवर खुणा करून पूर्ण केले.