लिंकचा तालुका, लिंकचा जिल्हा

घरात कापूस यायला लागतो, त्याच सुमारास आमच्या कॉलेजात शिष्यवृत्तीच्या फॉर्मची गडबड उडते. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याच्या गावचं कॉलेज. निम्मी पोरं एसटीनं येतात. बी.ए.ची एक मुलगी फोन पुढे करून म्हणाली, "सर, लिंक बराबर हाये न? महाडीबीटी लिवलं हाये त्यात."

लिहिलेलं होतंच. महाडीबीटी म्हणजे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचं राज्य सरकारचं संकेतस्थळ. महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन, आणि त्यापुढे आणखी दोन शब्द: कसलंसं नाव, डॉट टॉप.

"पत्र पाठवताना पत्त्यात जिल्हा कुठं लिहितेस?"

"शेवटी."

लिंकचंही तसंच असतं. आधी माणूस, मग मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. ही नावं शोधून देणारी व्यवस्था, डीएनएस, पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३मध्ये आखली. ती पत्ता उजवीकडून वाचते. उत्तर आधीच साठवलेलं नसेल तर पहिल्यांदा ‘इन’ कोण सांभाळतं ते विचारलं जातं, मग त्याच्याकडे ‘जीओव्ही’ची चौकशी, मग महाराष्ट्राची, सरतेशेवटी महाडीबीटीची. आपण मात्र डावीकडून वाचतो, ओळखीचं नाव दिसलं की थांबतो. चोराचं सगळं कसब एवढ्यावरच चालतं.

जीओव्ही डॉट इनखाली नाव फक्त सरकारी यंत्रणेलाच मिळतं. डॉट टॉपखाली कोणीही थोडक्या पैशांत नाव घेतो, आणि त्याच्या डावीकडे काय लिहायचं ते सर्वस्वी त्याच्या मर्जीवर. स्वतःच्या घरावर ‘कलेक्टर ऑफिस’ अशी पाटी लावली तर तालुका थोडाच बदलतो!

दोन फसवे वाकडे रस्ते मात्र आहेत. आडवी रेघ शब्द जोडते, तोडत नाही. ‘महाडीबीटी-जीओव्ही डॉट इन’ यात जीओव्ही नावाचा तालुकाच नाही, ते सलग एक नाव आहे. आणि सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतर जी पहिली एकटी तिरपी रेघ येते, तिथे पत्ता संपतो. पुढचं सगळं घरातलं सामान, तिथे सरकारचं नाव लिहिलेलं असलं तरी.

पूर्वी ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह बघा असं सांगायचे. कुलपाचा अर्थ एवढाच, की वाटेत कोणी तुमचं बोलणं ऐकत नाही. पलीकडे चोर बसलाय की बँक, हे त्याला काय माहीत? लोक त्याचा भलताच अर्थ घेतात म्हणून गूगलनं २०२३मध्ये क्रोममधलं ते चिन्हच बदललं. बँकांसाठी आता वेगळा तालुका आहे: ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत ‘बँक डॉट इन’खाली या, असं रिझर्व्ह बँकेनं त्यांना सांगितलं होतं.

डिजिटल नागरिकत्व म्हटलं की हक्क, कर्तव्यं, शिष्टाचार अशी जड यादी समोर येते. माझ्या हातात असतं तर पहिले दोन तास मी फक्त पत्ते वाचून घेतले असते. कारण ही पोरगी एकटी विद्यार्थिनी नाही, घरचं सेतू केंद्रही तीच आहे. बापाचा सातबारा, पीकविमा, पीएम किसानचा हप्ता, सगळं तिच्याच बोटाखालून जातं. पैसे गेलेच तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर तिलाच ताबडतोब फिरवायचा असतो. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात पळवली जाण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते.

आठवड्यानं ती परत आली, या वेळी बापाचा फोन घेऊन. "पीएम किसान नावाची फाईल आली सर. याले तर पत्ताच नाही, मंग काय वाचू?"

प्रश्न बिनतोड होता. एपीके फाईल म्हणजे आख्खं ॲपच. ते बसवलं आणि मेसेज वाचायची परवानगी दिली, की ओटीपी आपल्याबरोबर त्यालाही दिसतो. अशा वेळी वाचण्यासारखं एकच: फाईलच्या नावाच्या शेपटाला ‘एपीके’ आहे का.

होतं. तिनं फाईल उडवली. मग म्हणाली, "काकाच्या ग्रुपवरबी आली हाये हे," आणि काकाला फोन लावत व्हरांड्यात गेली.