घरपट्टी आकारणीवरील हरकत व अपील (खानदेश)

महापालिकेने, नगरपालिकेने किंवा ग्रामपंचायतीने घरावर बसवलेली कराची आकारणी चुकली आहे असे वाटल्यास ती दुरुस्त करून घेण्याची कायदेशीर वाट. खानदेशात घर कुठे आहे त्यावर कायदा ठरतो. जळगाव आणि धुळे येथे २००३ पासून महापालिका आहेत. तिथे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चालतो. नंदुरबार, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, चोपडा, शिरपूर, शहादा या नगरपालिकांच्या गावी १९६५ चा नगरपरिषद अधिनियम, तर खेड्यापाड्यांत १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम. लोकांच्या तोंडी मात्र सगळीकडे घरपट्टीच. आकारणीची नोटीस आली की गल्लीत ओट्यावर विचारले जाते, ‘आमनी घरपट्टी इतली कशी वाढनी?’

याचे उत्तर बहुतेक वेळा बिलात सापडत नाही, आकारणीच्या नोंदीत सापडते. करयोग्य मूल्याच्या पद्धतीत घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल याचा अंदाज धरतात, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करतात आणि उरलेल्या रकमेवर सामान्य कर, वृक्ष कर, शिक्षण कर वगैरे लावतात. समजा, घर ६० चौरस मीटर आहे आणि दर महिन्याला चौरस मीटरमागे १२ रुपये धरला. वर्षाचे भाडे ८,६४० रुपये, १० टक्के वजा जाता करयोग्य मूल्य ७,७७६ रुपये. मोजणाऱ्याने पुढचा उघडा ओटा आणि मागची न्हाणी धरून तेच घर ७८ चौरस मीटर लिहिले, तर मूल्य १०,१०८ रुपयांच्या वर जाते. दर तोच, घर तेच; फरक फक्त टेपचा.

खानदेशातल्या घरांत अशा चुकांना जागा पुष्कळ आहे. जुने धाब्याचे घर, त्याला लागून पत्र्याची खोली आणि रस्त्याच्या बाजूला नवा स्लॅब, असे तीन काळांचे बांधकाम एकाच उंबऱ्याआड असते. नोंद करताना सगळेच ‘आरसीसी’ लिहिले गेले की मातीच्या भिंतींनाही स्लॅबचा दर लागतो. दुसरी चूक वापराची. भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवण्याची इथली रीत आहे. दिवाळीनंतर पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस असतो आणि माणसे मागच्या खोलीत निजतात. पाहणी त्याच दिवसांत झाली आणि खोलीपुढे ‘गोदाम’ असा शेरा पडला, तर निवासी दराच्या जागी बिगरनिवासी दर येतो. खोली उन्हाळ्यात रिकामी होते, पण शेरा तसाच राहतो. ज्याने वर्षभराचे पीक राखायला आपली झोपायची जागा दिली, त्याच्यावर हा भार पडू नये. म्हणून हा शेरा वेळेत खोडून घेणे फार महत्त्वाचे.

वेळेत हा या विषयातला कळीचा शब्द. महापालिकेत नवी नोंद झाली किंवा करयोग्य मूल्य वाढले, तर मालकाला विशेष नोटीस द्यावी लागते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत आयुक्तांच्या नावे लेखी द्यायची, सुनावणीची तारीख कळवली जाते, त्या दिवशी म्हणणे ऐकून निर्णय होतो. तो मान्य नसेल तर कलम ४०६ खाली दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांच्याकडे अपील. त्यालाही १५ दिवसांचीच मुदत. मूल्याविरुद्धचे अपील चालण्यासाठी आधी हरकत घेतलेली आणि निकाली निघालेली असावी लागते, आणि बिल निघाल्यावर अपील करायचे तर मागणीची रक्कम आधी भरावी लागते. पुष्कळ माणसे नेमकी इथे फसतात. नोटीस कपाटात ठेवतात, बिल आल्यावर धावतात, आणि तेव्हा पहिली पायरीच हातून गेलेली असते.

नगरपालिकेत आकारणीची ही गडबड दर चार वर्षांनी येते. तिला चतुर्थ वार्षिक कर आकारणी म्हणतात. प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी यादी तपासतो, ती पाहण्यासाठी खुली ठेवतात आणि जाहीर नोटिशीतल्या मुदतीत हरकती घेतात. गावात रिक्षा फिरवून पुकारा झाला तरी आपल्या घराची नोंद स्वतः जाऊन वाचावी.

हरकतीचा अर्ज लहान असला तरी चालतो. ‘कर परवडत नाही’ या वाक्याने आकारणी बदलत नाही; ‘नोंदीत ७८ चौरस मीटर आहे, प्रत्यक्षात ६०’ या वाक्याने बदलू शकते. सोबत बांधकाम परवानगीचा नकाशा, खरेदीखत, जुन्या पावत्या, घरगुती वीजबिल, खोल्यांचे फोटो जोडावेत आणि फेरमोजणी मागावी. आवक क्रमांक व शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. घर अजून आजोबांच्या नावावर असेल तर नोटीस त्यांच्याच नावे येते. मुले सुरतेला किंवा पुण्याला असली की ती कोणी उघडतही नाही. वारसांनी नाव लावून घेणे म्हणूनच आधीचे काम. अर्थात घरपट्टीला नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नव्हे.

ग्रामपंचायतीत आकारणीची नोंद नमुना ८ मध्ये असते. डिसेंबर २०१५ च्या सुधारणेनंतर तिथे भांडवली मूल्य धरतात : क्षेत्रफळ, रेडी रेकनरचा (सरकारी बाजारभाव-तक्त्याचा) दर, घराच्या वयाप्रमाणे घसारा (जुनेपणापोटी मूल्यात धरलेली घट) आणि वापराचा भारांक (घर निवासी की बिगरनिवासी यावरून लागणारा गुणक). धाब्याच्या घरासाठी घसारा मोलाचा, त्यामुळे बांधकामाचे वर्ष बरोबर लिहिले आहे ना ते पाहावे. अपील पंचायत समितीकडे जाते.

अभय योजना आणि लोकअदालत (थकबाकीची प्रकरणे तडजोडीने मिटवण्याची जागा) यांची अपिलाशी नेहमी गल्लत होते. थकबाकीवर महापालिकेत दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते. अभय योजनेत ती शास्ती कमी किंवा माफ होते. अनधिकृत बांधकामाची शास्ती निराळी. यांपैकी कशानेही चुकीचे क्षेत्रफळ किंवा ‘गोदाम’ हा शेरा पुसला जात नाही, आणि पुढच्या एप्रिलचे बिल पुन्हा त्याच नोंदीवरून निघते.