मलवाहिनी आणि पावसाळी गटार: नव्या बांधकामाचा भार कशावर किती पडतो?

एखाद्या भागात मोठे बांधकाम मंजूर होते, तेव्हा ‘ड्रेनेजची सोय आहे का’ असा एकच प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तरही एकच दिले जाते. वास्तविक रस्त्याखाली दोन वेगळ्या यंत्रणा असतात. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचालयाचे मैलापाणी मलशुद्धीकरण केंद्राकडे नेते ती मलवाहिनी. गच्ची, अंगण आणि रस्त्यावर पडलेले पावसाचे पाणी कोणत्याही प्रक्रियेविना जवळच्या नाल्यात, नदीत किंवा समुद्रात सोडते ते पावसाळी गटार. दोन्हींचे नळ काँक्रीटचे असू शकतात आणि चेंबरची झाकणेही सारखीच दिसतात, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला फरक कळत नाही. नियोजन करणाऱ्याला मात्र तो कळलाच पाहिजे, कारण मलवाहिनीवरचा भार माणसांच्या संख्येवर ठरतो आणि पावसाळी गटारावरचा भार झाकल्या गेलेल्या जमिनीवर.

चार हेक्टर शेतजमिनीवर एक हजार सदनिकांची वसाहत उभी राहते असे समजू. घरटी पाच माणसे धरली तर वस्ती पाच हजारांची होते. केंद्र शासनाच्या तांत्रिक नियमावलीनुसार मलवाहिन्या असलेल्या शहरात दरडोई दररोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातले सुमारे ८० टक्के मैलापाणी म्हणून बाहेर येते असे मानतात. म्हणजे दिवसाला ५ लाख ४० हजार लिटर, सरासरीने सेकंदाला सव्वासहा लिटर. सकाळच्या गर्दीच्या वेळेसाठी एवढ्या लहान वस्तीला तिप्पट प्रवाह धरावा लागतो, तो सुमारे १९ लिटर होतो. योग्य उतार मिळाला तर २०० मिलिमीटर व्यासाचा नळ त्याला पुरतो.

आता त्याच जमिनीवर तासाला ५० मिलिमीटर वेगाने पाऊस पडतो आहे असे धरू. शेत होते तेव्हा त्यातला ३० टक्के वाहून जात असेल, तर सेकंदाला सुमारे १६७ लिटर पाणी ओढ्याकडे जात होते. इमारती, पोडियम, डांबर आणि पेव्हर ब्लॉक आल्यावर हे प्रमाण ८० टक्क्यांवर गेले, तर तोच पाऊस सेकंदाला ४४४ लिटर पाणी बाहेर ढकलतो. मैलापाण्याच्या सर्वाधिक प्रवाहाच्या तेवीसपट हा आकडा आहे, आणि त्या एक हजार सदनिकांत एकही कुटुंब राहायला आलेले नसले तरी त्यात फरक पडत नाही.

येथेच परवानगीच्या टप्प्यावर गफलत होते. मध्यवस्तीतली जुनी तीन मजली इमारत पाडून तेथे चौदा मजली इमारत उभी राहते, तेव्हा जमीन आधीच फरशीने झाकलेली असल्यामुळे पावसाळी गटाराचा भार फारसा बदलत नाही. पण माणसे कित्येक पट होतात आणि पन्नास वर्षांपूर्वी टाकलेली मलवाहिनी अपुरी पडते. शहराच्या वेशीवर, २०१७ आणि २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या गावांसारख्या भागात, घडते ते उलट: पहिल्याच पावसाळ्यात ओढ्यावर पाण्याचा लोंढा येतो आणि मैलापाणी घरे भरतील तसे वर्षानुवर्षे वाढत जाते. अशा भागात पालिकेचा नळ पोहोचलेला नसला तरी टँकरचे आणि विंधन विहिरीचे पाणीही शेवटी मैलापाणीच होते, म्हणून केवळ पालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या आकड्यावरून मलवाहिनी आखणे चुकीचे ठरते.

पुढची गरज ओळखून नळ मोठा टाकून ठेवावा, हा सल्लाही दोन्हींना सारखा लागू होत नाही. पावसाळी गटार मोठे ठेवले तर मुख्यतः खर्च वाढतो. मलवाहिनी साधारण तीस वर्षांनंतरची वस्ती धरून आखतात, पण तिच्यात सुरुवातीच्या काळातही गर्दीच्या वेळी सेकंदाला किमान ०.६ मीटर वेग मिळावा लागतो. तो मिळाला नाही तर गाळ बसतो, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि काँक्रीट आतून झिजू लागते. त्या वायूने चेंबरमध्ये उतरलेल्या सफाई कामगारांचे जीव घेतले आहेत, म्हणून उताराचा आणि वेगाचा हिशेब मला निव्वळ तांत्रिक बाब वाटत नाही.

दोन्ही वाहिन्यांची शेवटची टोके वेगळी असल्याने त्यांच्या मर्यादाही वेगळ्या आहेत. मलवाहिनीची क्षमता वाढवायची तर उदंचन केंद्र (पंपाने पाणी वर उचलून पुढे ढकलणारे केंद्र) आणि शुद्धीकरण केंद्रही वाढवावे लागते. पावसाळी गटाराची क्षमता नाला किती मोकळा आहे यावर, आणि मुंबईत भरतीवरही, अवलंबून असते. मुंबईतली जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली होती. मुंबईच्या पावसाळी गटारांविषयीच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ही क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची शिफारस केली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्यानंतर त्या कामांना वेग आला आणि हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह येथे पावसाच्या पाण्यासाठी स्वतंत्र उदंचन केंद्रे उभी राहिली. त्यांच्यामुळे मैलापाण्यासाठी मात्र एका लिटरचीही जादा क्षमता मिळत नाही.

सर्वांत मोठे नुकसान होते ते दोन्हींची सरमिसळ केल्याने. अवघ्या ५०० चौरस मीटरच्या गच्चीवरून त्याच पावसात सेकंदाला साडेसहा लिटरच्या आसपास पाणी उतरते, म्हणजे वरच्या एक हजार सदनिकांच्या सरासरी मैलापाण्याहून अधिक. ते पन्हळ जवळ पडते म्हणून मलवाहिनीच्या चेंबरमध्ये सोडले, तर जुलैत रस्त्यावरचे झाकण उचलले जाते आणि तळमजल्याच्या शौचालयात मैला उलटा चढतो. उलट प्रकार अधिक शांतपणे होतो. एप्रिलमध्ये नाल्याच्या काठी उभे राहून पावसाळी गटाराचे तोंड पाहावे: पावसाचा थेंब नसताना तेथून करडे, फेसाळ पाणी वाहत असेल, तर बहुधा कोणीतरी मलवाहिनी त्याला जोडलेली आहे आणि ते पाणी प्रक्रियेविना नदीत चालले आहे.

उपायही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. वसाहतीने स्वतःचे शुद्धीकरण केंद्र चालवून ते पाणी फ्लशला आणि बागेला वापरले, तर मलवाहिनीचा भार हलका होतो. शोषखड्डे, भूजल पुनर्भरण आणि साठवण टाकीने पावसाळी गटाराचा. म्हणून पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीने विकासकाकडून दोन स्वतंत्र नकाशे मागावेत आणि प्रत्येकावर अंतिम जोडणीच्या चेंबरची तळपातळी (तळाची उंची), पुढच्या नळाचा व्यास आणि पाणी शेवटी कोठे जाते हे लिहून घ्यावे. भोगवटा पत्राआधी गच्चीच्या पन्हळात रंगीत पाणी ओतून ते कोणत्या चेंबरमध्ये उतरते हे पाहणे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि ते फरशी बसवण्याआधीच करावे.