बंदरामागून बंदर: रेवस–रेडी सायकलवाटेची पार्श्वभूमी

कोकणात रायगडमधल्या रेवसपासून गोव्याच्या सीमेजवळच्या रेडीपर्यंतचा किनाऱ्याचा रस्ता नकाशावर पाचशे किलोमीटरच्या आसपास भरतो. देशावर दिवसाला शंभर किलोमीटर सहज मारणारे सायकलस्वार त्याला पाच दिवस धरतात आणि दाभोळ येईपर्यंत हिशेब कोलमडतो. या वाटेवर साठ-सत्तर किलोमीटर झाले की दिवस संपतो. असं का होतं, हे कळायला गिअर आणि टायरच्या आधी इथली बंदरं समजून घ्यावी लागतात. कारण ही गावं शेकडो वर्षं एकमेकांशी बोलत होती ती समुद्रावरून. जमिनीवरचा उत्तर-दक्षिण रस्ता सगळ्यात शेवटी आला, आणि त्याचा प्रत्येक चढ, प्रत्येक अडथळा त्या उशिराशी बांधलेला आहे.

सुरुवात जमिनीपासून. सह्याद्री इथे समुद्रापासून पन्नास-साठ किलोमीटरच्या आत उभा आहे. त्यावरून उतरणाऱ्या नद्या आखूड, पावसाळ्यात दांडग्या, आणि मुखाशी भरतीचं पाणी आत घेऊन रुंद खाड्या झालेल्या. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटन, कर्ली, तेरेखोल ही त्यातली मोठी नावं. मधल्या लहान खाड्या वेगळ्याच. दोन खाड्यांच्या मध्ये सडा, म्हणजे जांभा दगडाचा सपाट माथा, उंची साधारण साठ ते दीडशे मीटर. रस्ता खाडीच्या पातळीवरून सड्यावर चढतो, थोडा वेळ सपाट धावतो आणि पुढच्या खाडीत उतरतो. दिवसात हे चार-पाच वेळा झालं की सत्तर किलोमीटरमध्ये पाच-सहाशे मीटर चढ साचतो. एका मोठ्या घाटाएवढी ही चढाई आहे, पण तुकड्यातुकड्याने येत असल्यामुळे तिची लय सापडत नाही.

याच खाड्यांनी बंदरं दिली. चौलचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक दर्याप्रवासाच्या पुस्तकात ‘सेमिल्ला’ म्हणून येतो. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफानासी निकितिन चौललाच उतरला आणि जुन्नरकडे गेला. दाभोळ हे बहामनी आणि आदिलशाही काळातलं श्रीमंत बंदर. पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने डिसेंबर १५०८ मध्ये ते जाळलं. सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती. बाणकोटचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. पुढे १८२२ मध्ये जिल्ह्याचं मुख्य ठाणं बाणकोटहून रत्नागिरीला हललं. आज बाणकोटच्या अरुंद रस्त्यावरून सायकल नेताना तिथे कधीकाळी जिल्ह्याचा कारभार चालत होता, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

या बंदरांचे रस्ते होते, पण ते पूर्वेकडे जाणारे. बंदरात उतरलेला माल घाटावर पोचवणं हे त्यांचं काम. चिपळूणहून कुंभार्लीने कऱ्हाड, राजापूरहून अणस्कुऱ्याने कोल्हापूर, वेंगुर्ल्याहून आंबोलीने बेळगाव. बैल आणि गाड्या चढवायच्या असल्यामुळे या जुन्या वाटांचे चढ बेताचे ठेवलेले आणि खाडीच्या काठाने आत शिरणारे. दाभोळहून जयगडला जमिनीवरून जायची मात्र कुणाला गरजच नव्हती. त्यासाठी गलबत होतं, मचवा होता आणि खाडी ओलांडायला ‘तर’, म्हणजे माणसं नेणारी होडी, होती. सायकलवरून याचा पडताळा लगेच येतो: खाडीकाठाने आत जाणारा रस्ता पायाला सोपा, आणि किनाऱ्याला समांतर जाणारा सरळ अंगावर येणारा.

एकोणिसाव्या शतकात गलबतांच्या जोडीला आगबोट आली. मुंबईहून निघालेली कोकणबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असे थांबे घेत पणजीकडे जाई. बहुतेक ठिकाणी बोट खोल पाण्यात थांबायची आणि पडावातून उतारू किनाऱ्याला यायचे. पावसाळ्यात ही लांब पल्ल्याची सेवा बंद; मुंबई–रेवस ही जवळची बोट वेगळी. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेच्या वर माणसं गेली, ते दुःख रायगडच्या गावांतून अजून बोललं जातं. सायकलवाटेचे आजचे मुक्काम आणि बोटीचे हे थांबे ताडून पाहिले तर बरेचसे सारखेच निघतात. राहायची सोय, बाजार आणि खाणावळ जिथे बोट थांबायची तिथे वाढली.

मुंबई–गोवा महामार्ग या बंदरांना टाळून, खाड्या जिथे अरुंद होतात तिथून आतल्या बाजूने गेला. कारण पूल बांधणं तिथे परवडणारं होतं. पुढे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झालेली कोकण रेल्वेही आतूनच धावली. किनारा त्यामुळे शांत राहिला, पण एकटाही पडला. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८० ते ८२ च्या काळात, रेवस–रेडी सागरी महामार्गाची कल्पना पुढे आली. नाव महामार्ग, प्रत्यक्षात मात्र आधीचे एसटीचे आणि ग्रामीण रस्ते जोडत नेलेली एक साखळी. लहान खाड्यांवर एकेक करून पूल झाले, मोठ्यांपैकी काही तशाच राहिल्या. दाभोळ ते धोपावे वाहनं नेणारी फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली आणि मग वेसवी–बागमांडला, आगरदांडा–दिघी, तवसाळ–जयगड अशी ती सोय पसरली. लांब पल्ल्याची सायकलवाट म्हणून हा किनारा खऱ्या अर्थाने उघडला तो या फेरीबोटींमुळे. दाभोळला उभं राहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला रस्त्याने जायचं तर चिपळूणमार्गे शंभरावर किलोमीटरचा वळसा आहे.

आता सायकलीकडे. इथल्या गावांत सायकल पूर्वीपासून आहे: २८ इंची चाकांची, सळईच्या ब्रेकची, एकाच गिअरची. तिचा मालक सड्याचा चढ लोटत चढायचा आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नसे. सामान बांधलेली गिअरची सायकल घेऊन येणाऱ्याने मात्र चक्रांच्या दात्यांचा हिशेब घरूनच करावा. स्वार, सायकल आणि सामान मिळून ९० किलो, चढ ८ टक्के आणि पायडलचे मिनिटाला ६० फेरे धरू. पुढच्या चक्रात ३६ आणि मागच्यात २८ दाते असतील तर वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास बसतो आणि त्यासाठी दोनशे वॉटच्या वर ताकद द्यावी लागते. पुढे २८ आणि मागे ३४ केले की वेग सहाच्या थोडा वर येतो, ताकद दीडशेच्या आत राहते. एकदा दोनशे वॉट बहुतेकांना जमतात. दिवसात पाचव्यांदा, फेब्रुवारीच्या दुपारी, जमत नाहीत. गुडघे दुखायला लागतात ते इथे. काही चढ १० टक्क्यांच्याही वर जातात, विशेषतः खाडीतून बाहेर पडतानाची पहिली दोन-तीन वळणं. सकाळी फेरीतून उतरून अंग गार असताना तिथे जोर लावू नये. हलक्या गिअरवर टाकूनच जेटी सोडावी, कारण चढावर जोर पडलेला असताना गिअर बदलला की साखळी उतरते किंवा तुटते.

टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे हवेत. पावसाळ्यानंतर डांबर उखडलेलं असतं आणि खाली जांभ्याची लाल खडी उघडी पडते. ट्यूबची गोष्ट जुन्या सायकलीशी जोडलेली आहे. गावातल्या दुकानात २८ इंची म्हणून जी ट्यूब मिळते ती जुन्या सायकलची, ६३५ मिलिमीटर रिमची. नव्या सायकलींचं ७००-सी चाक ६२२ मिलिमीटरचं. पंपसुद्धा जुन्या व्हॉल्व्हचा असतो, नव्या सायकलींच्या बारीक ‘प्रेस्टा’ व्हॉल्व्हला तो बसेलच असं नाही. म्हणून दोन ट्यूब, पॅच, स्वतःचा पंप आणि व्हॉल्व्हचं अडॅप्टर एवढं जवळ असावंच. अलिबाग, दापोली, रत्नागिरी, मालवण सोडलं तर मध्ये ते मिळेल असं धरू नये.

गावात शिरल्यावर रस्त्याचं रूप बदलतं. गुहागर, केळशी, आंजर्ले, श्रीवर्धन ही गावं पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसली. मधून एकच रस्ता, दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे, मागे नारळी-पोफळीची आगरं. समोरून एसटी आली की सायकलने गडग्याला टेकून थांबायचं, कारण बाजूला सरकायला जागाच नाही. डोंगरउतारावरच्या वाड्या पाखाड्यांनी जोडलेल्या असतात, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांनी. पाखाडी माणसाच्या आणि गुरांच्या पायांसाठी आहे, पण मोबाइलचा नकाशा तिला जवळचा रस्ता समजून सायकलस्वाराला तिथे पाठवतो. सामानाची सायकल खांद्यावर घेऊन शंभर पायऱ्या उतरण्यापेक्षा वाडीतल्या माणसाला ‘एसटी कुठून जाते?’ एवढं विचारावं. एसटीचा रस्ता सायकलला नेहमी चालतो.

सड्यावर सावली नाही आणि पाणीही नाही. जांभा पाऊस धरून ठेवत नाही, म्हणून वस्ती सगळी खाली, झऱ्यांपाशी. खालून निघताना माणशी दोन लिटर भरून घेतल्याशिवाय चढाला लागू नये. जेवणाचंही तसंच: लहान गावात खाणावळवाले मोजकंच रांधतात, रात्रीचं जेवण हवं असेल तर दुपारीच फोन करून सांगावं लागतं.

ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दुपारनंतर वारा समुद्रावरून, बहुतेक वायव्येकडून येतो. त्यामुळे रेवसहून रेडीकडे जाणं तेवढं सुसह्य. उलट दिशेने आलात तर उघड्या सड्यावर तो तोंडावर बसतो. पुळणीवरून सायकल चालवायचा मोह आवरावा. खारं पाणी आणि बारीक वाळू मागच्या चक्रात आणि खालच्या बेअरिंगमध्ये शिरली की दोन दिवसांत करकर सुरू होते आणि साखळीवर तांबूस थर दिसतो. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुणं, पुसणं आणि तेलाचे थेंब देऊन जादाचं तेल फडक्याने काढणं, एवढं पुरतं. प्रवासाला निघण्याआधी ब्रेकचे पॅड नवे घालावेत; उतार आखूड असले तरी शेवटी वळण, वस्ती आणि लगेच जेटी असते.

फेरीवर सायकल आधी चढवून कठड्याला बांधावी, मोटारींच्या मध्ये उभी करू नये. वादळाची सूचना लागली की फेरी बंद राहते, त्यामुळे दिवसाच्या शेवटच्या फेरीवर मुक्काम अवलंबून ठेवणं धोक्याचं. मालवणच्या दक्षिणेला देवबागहून भोगवे समोर दिसतं, पण तिथे वाहनांची फेरी नाही. होडीवाल्याशी बोलून सायकल नेता येते, नाहीतर नेरूरपारच्या पुलावरून वळसा. रेडीच्या पुढे गोव्याकडे जायचं तर खाडी तेरेखोलची, तिथली फेरी गोव्याच्या सरकारची.

मोठ्या खाड्यांवर पूल बांधायचं राज्य सरकारने ठरवलं आहे आणि रेवस–करंजा पुलाचं काम सुरूही झालं आहे. स्थानिकांसाठी ते हवंच आहे. आजारी माणसाला खाडीपलीकडच्या दवाखान्यात न्यायला रात्री फेरी नसते. सायकलस्वारासाठी मात्र दोन गोष्टी बदलतील. आज फेरीमुळे अवजड वाहनं थोडी येतात. पूल झाले की ती येतील, आणि अरुंद गावरस्त्यांवरचा ताण वाढेल. दुसरं म्हणजे पूल उंचावरून सड्याला सड्याशी जोडतील आणि खाली राहिलेल्या दाभोळ, बाणकोट, जयगडच्या जेट्या वाटेवरून बाजूला पडतील. पुलांच्या आराखड्यात कडेला दीड-दोन मीटरची सायकलपट्टी आणि खाली बंदरात उतरणारा जुना रस्ता चालू ठेवण्याची तरतूद, या दोन मागण्या सायकल मंडळांनी आत्ताच लावून धरायला हव्यात. पूल एकदा उभा राहिला की त्याला रुंदी वाढवून मिळत नाही.