डायनॅमो चार्जिंग (जुने ट्रॅक्टर)

डायनॅमो (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारे यंत्र), कटआउट (डायनॅमो बॅटरीला आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच), रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग), अँपिअरमीटर (बॅटरीत येणारी-जाणारी वीज दाखवणारा मीटर) आणि बॅटरी मिळून होणारी वीजभरणाची व्यवस्था. अल्टरनेटर (डायनॅमोच्या जागी आलेले आजचे चार्जिंग यंत्र) रूढ होण्यापूर्वीच्या ट्रॅक्टरांवर ती असे. 1960 च्या दशकात मुंबईत बनू लागलेला इंटरनॅशनल बी-275 आणि त्याच्या पिढीचे इतर ट्रॅक्टर सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात कोणी हौसेने, तर कोणी गरजेपोटी जपले आहेत. त्यांच्या इंजिनाचे काम जाणणारे फिटर गावोगाव भेटतात. डायनॅमो नीट तपासणारा हात मात्र कमी होत चालला आहे. चांगले डायनॅमो भंगारात जातात ते यामुळेच.

डायनॅमोत कायम चुंबक नसतो. फील्ड कॉइलच्या (स्थिर वायंडिंगच्या) लोखंडात मागे राहिलेले किंचित चुंबकत्व आर्मेचरमध्ये (फिरत्या वायंडिंगमध्ये) थोडी वीज उत्पन्न करते. ती फील्डमध्ये गेली की चुंबकत्व वाढते, त्याबरोबर वीजही वाढते. हे स्वयंउत्तेजन प्रथम कोणाला सुचले यावर एकमत नाही. डेन्मार्कचे सोरेन योर्ट यांनी 1850 च्या दशकाच्या मध्यास या दिशेचे पेटंट घेतले होते. पण त्यांच्या यंत्रात कायम चुंबकही होते, म्हणून त्याला पूर्ण स्वयंउत्तेजन म्हणावे का, हा वाद राहतो. हंगेरीचे आन्योश येडलिक यांचे यंत्र सुमारे 1861 चे मानले जाते, मात्र त्याची वार्ता त्या काळी दूरवर पोहोचली नाही. सॅम्युअल आल्फ्रेड वर्ली यांचा इंग्लंडमधील पेटंट अर्ज डिसेंबर 1866 चा आहे. वेर्नर सीमेन्स यांचा निबंध जानेवारी 1867 मध्ये बर्लिनच्या अकादमीपुढे, तर चार्ल्स व्हीटस्टन यांचा पुढच्याच महिन्यात लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. सीमेन्स यांचे नाव सर्वाधिक घेतले जात असले, तरी तारखा इतक्या लागून आहेत की तत्त्व अनेकांना स्वतंत्रपणे गवसले असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

हा इतिहास गोठ्यामागे वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला थेट लागू पडतो. मागे राहिलेले चुंबकत्व क्षीण झाले किंवा बॅटरी उलटी जोडल्याने पालटले, तर कार्बन (फिरत्या भागावर घासून वीज घेणारे ब्रश), वायंडिंग, पट्टा सारे धड असूनही चार्जिंग बिघडते. ल्युकास या इंग्लिश कंपनीच्या धाटणीच्या डायनॅमोत फील्डचे एक टोक आतूनच बॉडीला असते. तेथे एफ (फील्डच्या) टर्मिनलची वायर सुटी करून, बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टोकाकडून आणलेली वायर एफला क्षणभर टेकवतात. बारीक ठिणगी पडते आणि चुंबकत्व परत येते. अमेरिकी धाटणीच्या काही डायनॅमोंत फील्डची जोडणी निराळी असल्याने हा उपाय तसाच चालत नाही.

डायनॅमो उतरवण्याआधी त्याची जागेवरच परीक्षा होते. डी (डायनॅमोची वीज बाहेर देणारे टर्मिनल) आणि एफच्या वायरी काढून दोन्ही टर्मिनल एका तुकड्याने जोडायचे, व्होल्टमीटर तेथून बॉडीला लावायचा आणि इंजिनाचा वेग हळूहळू वाढवायचा. 12 व्होल्टच्या संचात काटा झटकन चढला पाहिजे. 20 व्होल्टच्या पुढे मात्र जाऊ देऊ नये. काटा हललाच नाही तर आधी कार्बन आणि कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) पाहावेत. एखादा व्होल्टच आला तर फील्डचा, चार-पाच व्होल्टवर अडला तर आर्मेचरचा संशय घ्यावा. व्होल्टेज पुरेसे आले की दोष पुढे, वायरीत किंवा रेग्युलेटरच्या डबीत.

त्या डबीत कटआउटही असतो. साधारण 13 व्होल्टच्या आसपास तो डायनॅमो बॅटरीला जोडतो आणि वेग उतरला की तोडतो. त्याचे पॉइंट चिकटले तर इंजिन बंद केल्यावरही अँपिअरमीटर मोठा डिस्चार्ज दाखवतो; अशा वेळी बॅटरीची वायर ताबडतोब काढावी. याच कारणाने कटआउट बोटाने दाबून ‘चालतो का’ पाहण्याची सवय घातक आहे.

गळीत हंगामात ‘डायनॅमो गेला’ ही तक्रार फार ऐकू येते. तिची एक बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. ल्युकासच्या सी-39 डायनॅमोची क्षमता सुमारे 19 अँपिअर, सी-40 ची सुमारे 22. तीही पुरेशा वेगावर. रात्री उसाच्या ट्रॉल्या घेऊन वजनकाट्यासमोर नंबर लागेपर्यंत इंजिन हळू चालू ठेवले, हेडलाइट पेटलेले आणि टेप वाजत असला, तर कटआउट लागतच नाही आणि सारा भार बॅटरीवर पडतो. 45 वॅटचे दोन दिवेच साडेसात अँपिअर खातात. पहाटे सेल्फ उचलत नाही. येथे डायनॅमोत काहीही बिघडलेले नसते. रांगेत दिवे बंद ठेवणे हाच उपाय.

पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यावर सुमारे अर्धा ते पाऊण इंच दबावा. बॅटरीची टर्मिनले आणि इंजिनाची अर्थिंग पट्टी घासून घट्ट करणे हे पहिले काम असूनही बहुधा शेवटी होते.

अनेक जुन्या ट्रॅक्टरांत बॅटरीचे अधिक टोक बॉडीला असते. डायनॅमोला दोन्ही रीती चालतात, फक्त नव्या दिशेने पुन्हा चुंबकत्व द्यावे लागते आणि अँपिअरमीटरच्या वायरी अदलाबदल कराव्या लागतात. सोय म्हणून अल्टरनेटर बसवणाऱ्यांनी मात्र हे आधी पाहावे, कारण प्रचलित अल्टरनेटर उणे टोक बॉडीला धरून बनवलेले असतात आणि उलट्या जोडणीत त्यांचे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) लगेच जळतात.