गड्ड्याच्या रात्री फ्लॅश न वापरता फोटो काढायचेत?

संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा, म्हणजे आपला सोलापूरचा गड्डा, जवळ आली की आमच्या लेन्सच्या दुकानात काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो, "रात्रीचे फोटो काळे येतात, कॅमेरा बदलू का?" बहुतेकांना आम्ही नाहीच म्हणतो. कॅमेरा राहू द्या, लेन्स बदला.

कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ लेन्स (किट लेन्स) झूम केली की एफ ५.६ वर जाऊन बसते. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं. एफ १.८ ची साधी लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. जिथे आधी शटर १/१५ सेकंद उघडं ठेवावं लागून चालणारा माणूस पुसट यायचा, तिथे १/१२५ वर काम भागतं.

आता ५० घ्यावी की ३५? स्वस्त म्हणून सगळे ५० मागतात. पण तुमच्या-आमच्या एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ती ७५-८० सारखी जवळचं दाखवते, आणि मिरवणुकीच्या गर्दीत मागे सरकायला जागा कुठली? आमचं मत ३५ एमएम एफ १.८ ला. थोडी महाग पडते, म्हणून आधी दोन दिवस भाड्याने नेऊन बघा. अख्खा नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली ती उंच काठी, मात्र तिच्यातही मावत नाही. त्यासाठी जुनी किट लेन्सच १८ वर लावा.

सेटिंग असं ठेवा: एम (मॅन्युअल) मोड, एफ २, शटर १/१२५, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटो, वरची मर्यादा ६४००. फोटोत दाणे येतील, येऊ द्या. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला चेहरा सावरता येत नाही. एलईडीच्या रोषणाईत फोटोवर आडवे पट्टे दिसले तर शटर १/१०० किंवा १/५० करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात.

बाराबंदीची, म्हणजे बंदांनी बांधायच्या पांढऱ्या अंगरख्याची, गंमत वेगळीच. मागे अंधार आणि पुढे पांढरेशुभ्र कपडे. कॅमेरा अंधार बघून फोटो उजळवतो आणि बाराबंदीचा नुसता पांढरा डाग होतो, चुणी नाही की गाठ नाही. एक्स्पोजर उणे १ करा. रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये) काढलंत तर दिव्यांचा पिवळेपणाही घरी बसून काढता येतो.

फ्लॅश का नको? त्याचा उजेड चार-पाच मीटरपुढे फारसा पोचत नाही, मागची रोषणाई काळी पडते. आणि नंदीध्वज पेलणाऱ्याचं सगळं लक्ष तोलाकडे असतं, अशा वेळी त्याच्या डोळ्यांवर झगझगाट मारणं बरं नव्हे.

होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाला हे सगळं उलटं. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ११, शटर २ ते ४ सेकंद. फोकस मॅन्युअलवर, स्टॅबिलायझर बंद.

मैदानावर लेन्स बदलू नका. तिथली धूळ सोलापूरकराला सांगायला नको, ती थेट सेन्सरवर बसते. भाड्याची लेन्स परत आणताना काच रुमालाने पुसू नका, ब्लोअर (हवेने धूळ उडवणारा फुगा) आम्ही बॅगेतच दिलेला असतो.